तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला तह

बेटाची व्याख्या आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहे: चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग तो बेट. इतिहास शिकवण्यात उभी हयात गेल्यावर मला मात्र असे वाटू लागले आहे, की पाण्याखेरीज दुसऱ्या गोष्टींनीही एखादा मुलूख बेटासारखा तोडला जातो. नाका, तह, शिक्का, परवाना यांचे पाणी पुष्कळदा समुद्राहून खोल असते. आमच्या शेजारचा पेडणे महाल हे त्याचे उत्तम उदाहरण. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला तेरेखोलची नदी, दक्षिणेला शापोऱ्याची नदी. राहिली पूर्वेची बाजू. तिथे पाणी नाही. डोंगर आहेत, सडा आहे, काजूची रोपटी आहेत आणि इकडून तिकडे जाणारे गुरांचे कळप आहेत. ही बाजू निसर्गाने उघडीच ठेवली होती. ती बंद केली १७८८ सालच्या एका तहाने.

या महालाभोवती आपण एकदा स्वतः गाडी हाकत सावकाश फिरावे, हा विचार मला सुचला तो मात्र पेडण्यात नव्हे, भूमध्य समुद्रातल्या माल्टात. माझा भाचा तिथल्या इस्पितळात नोकरीला आहे. त्याच्याकडे आठवडाभर राहिलो. तिथे भाड्याने गाडी मिळते, ड्रायव्हर मिळत नाही. ज्याने त्याने आपली हाकावी. परदेशात गाडी म्हणजे उजव्या बाजूने, या धास्तीने मी आधी नको म्हटले. पण माल्टा दीडशेहून अधिक वर्षे इंग्रजांकडे होते, त्यामुळे तिथे आपल्यासारखेच डावीकडून चालतात. भाच्याने चाक माझ्या हाती दिले आणि बांदा-सावंतवाडी रस्त्यावर चालवावी तशी मी गाडी चालवू लागलो.

माल्टाचे मुख्य बेट ते केवढे? लांबी सत्तावीस किलोमीटर, क्षेत्रफळ २४६ चौरस किलोमीटर. आपला पेडणे तालुकाही जवळपास तेवढाच! पण या तेवढ्याशा जागेत पावलोपावली तटबंदी. १५३० साली पाचव्या चार्ल्स बादशहाने हे बेट सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांना दिले. १५६५ मध्ये तुर्कांचा वेढा त्यांनी परतवला, आणि दुसऱ्याच वर्षी व्हॅलेटा या नव्या तटबंद शहराचा पाया घातला. १७९८ मध्ये नेपोलियन येईपर्यंत त्यांचे राज्य टिकले. व्हॅलेटात आज जिथे पंतप्रधानांची कचेरी आहे, त्या देखण्या इमारतीच्या दारावर एका पुरुषाचा अर्धपुतळा आहे. भाच्याला विचारले तर त्याला ठाऊक नव्हते. वाचून पाहिले: मानुएल पिंतु द फोन्सेका. जातीने पोर्तुगीज! १७४१ ते १७७३ एवढा प्रदीर्घ काळ तो या बेटाचा सर्वाधिकारी होता.

ही तारीख वाचताच माझे मन माल्टातून उठले ते थेट हळर्णला येऊन पोचले. कारण पिंतु माल्टात इमारती उठवत होता त्याच वर्षांत, १७४६ च्या मे महिन्याच्या ५ तारखेला, दुसऱ्या एका पोर्तुगीज उमरावाने आमच्या शापोऱ्याच्या काठचा हळर्णचा किल्ला घेतला होता. माल्टातल्या तटबंदीची माहिती सांगायला तिथे पाट्या आहेत, पुस्तके आहेत, शाळकरी पोरे आहेत. हळर्णची गोष्ट मात्र आमच्याकडच्या दहा सुशिक्षितांत एखाद्यालाच ठाऊक असते. तेव्हाच ठरवले, की घरी गेल्यावर हाच प्रयोग पेडण्याभोवती करायचा. गाडी आपली, चाक आपल्या हाती, आणि घाई कसलीच नाही.

पावसाळा सरल्यावर तो योग आला. बांद्याहून निघालो, दोडामार्गला चहा घेतला आणि इब्रामपूरच्या बाजूने गोव्याच्या हद्दीत शिरलो. शिरलो म्हणतो खरा, पण शिरल्याचे कळते ते फक्त पाटीवरून आणि रस्त्याच्या डांबरावरून. माती तीच, जांभा तोच, घरांची कौलेही तीच. उजव्या-डाव्या हाताला अधूनमधून दिसणारी नदीदेखील आपलीच. गोव्यात जिला शापोरा म्हणतात ती वरच्या अंगाला आमची तिळारी. सह्याद्रीत उगम पावून दोडामार्ग तालुक्यातून खाली येणारी. उत्तरेची तेरेखोल नदीही मनोहरगडाच्या परिसरातून निघून बांद्यावरून जाते. पेडण्याला बेटासारखे करणारी दोन्ही पाणी आमच्या डोंगरांतून वाहत येतात, ही गोष्ट नकाशावर पाहिलेली असूनही गाडीतून उतरून काठावर उभे राहीपर्यंत मला नीटशी उमगली नव्हती.

हळर्णचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर आहे. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग डोळ्यांपुढे ठेवून इथे येणाऱ्याची निराशा होईल. लाल जांभ्याची भिंत, बुरूज, खंदक, भोवती झाडी आणि खाली संथ वाहणारे पाणी, एवढाच त्याचा पसारा. गेल्या काही वर्षांत सरकारने त्याची डागडुजी केली आहे. पण त्याची जागा पाहिली म्हणजे त्याचे मोल कळते. त्या काळी इथे खरा रस्ता म्हणजे नदी. घाटावरून उतरणारा माल, खाडीतून वर येणारी होडी आणि नदीपलीकडे पोर्तुगीजांच्या बार्देशची हद्द, या तिन्हींवर इथून नजर राहते. वाडीकर सावंत-भोसल्यांनी हे ठाणे आपल्या हाती का ठेवले, हे समजायला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा त्या काठावरची पाच मिनिटे अधिक उपयोगी पडतात.

आता १७४६ ची गोष्ट. ती समजायला सात वर्षे मागे गेले पाहिजे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. उत्तर कोकणातले पोर्तुगीजांचे दोनशे वर्षांचे वैभव एका मोहिमेत मावळले. त्याच धामधुमीत वाडीकर भोसलेही बार्देशात उतरले होते आणि गोव्याच्या उंबऱ्यापर्यंत मराठी फौज पोचली होती. लिस्बनला हा घाव फार लागला. तिथून नवी कुमक येऊ लागली आणि १७४४ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आला दों पेद्रु मिगेल द आल्मेइद. हा कसलेला माणूस. तिशीतच त्याने ब्राझीलमधल्या साओ पावलो आणि मीनास या सोन्याच्या खाणींच्या मुलखाचा कारभार पाहिला होता, आणि १७२० साली तिथे उठलेले बंड कठोरपणे मोडले होते. गोव्याला निघताना त्याला 'कास्तेलु नोवु'चा मार्किश हा किताब मिळाला होता.

वाडीच्या गादीवर तेव्हा रामचंद्र सावंत होते आणि कारभारात त्यांचे चुलते जयराम सावंत. नव्या व्हाइसरॉयने वसई परत घेण्याच्या गोष्टी केल्या नाहीत. तेवढे बळ त्याच्यापाशी नव्हते. त्याने शेजारच्या लहान सत्तेवर मोर्चा वळवला. मे १७४६ मध्ये हल्ला करून हळर्ण घेतले, मागोमाग डिचोली-साखळी, पावसाळा संपल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेरेखोल, आणि मग आमचे रेडी. लिस्बनच्या दरबारात या मोहिमेचा मोठा गाजावाजा झाला. पाचवा जुआंव राजा इतका खूश झाला, की १७४८ मध्ये त्याने व्हाइसरॉयचा जुना किताब बदलून नवा दिला: 'मार्किश द आलोर्ना'. आलोर्ना म्हणजे आपले हळर्ण. पोर्तुगीज जिभेला सुरुवातीचा 'ह' पेलत नाही आणि 'ळ' तर त्यांच्याकडे नाहीच. दोन्ही अक्षरे वाटेत गळून पडली.

मला विचाराल तर हा किताब म्हणजे वसईच्या जखमेवर बांधलेली हळर्णची पट्टी होती. ज्या साम्राज्याचे एवढे मोठे वैभव गेले, त्याला एका नदीकाठच्या लहानशा किल्ल्याचा विजय साजरा करावासा वाटला, यातच त्याची खरी अवस्था दिसते. विजय लहान असला म्हणजे त्याचे नाव मोठे करावे लागते. हे केवळ पोर्तुगीजांनीच केले असे नाही. आपल्याकडच्या बखरीही काढून पाहाव्यात.

असो. पण एकदा दिलेले नाव कुठे कुठे जाते पाहा. १७५० मध्ये हा मार्किश परत गेला. जाताना आपल्यामागून येणाऱ्या मार्किश द ताव्होरासाठी त्याने गोव्याच्या राजकारणाची, शेजाऱ्यांच्या बलाबलाची लेखी टिपणे ठेवली. ती पुढे छापलीही गेली. या ताव्होराची मुलगी ही आलोर्नाची सून. १७५८ मध्ये पोर्तुगालच्या राजावर गोळीबार झाला, त्याचा आळ ताव्होरा कुटुंबावर आला, आणि १७५९ च्या जानेवारीत ते पती-पत्नी, गोव्याचा माजी व्हाइसरॉय व त्याची बायको, लिस्बनला जाहीरपणे देहान्ताला गेले. दुसरा मार्किश द आलोर्ना केवळ जावई म्हणून तुरुंगात पडला. त्याची आठ वर्षांची मुलगी लिओनोर आईसह शेलसच्या मठात डांबली गेली, ती अठरा वर्षांनी, १७७७ मध्ये बाहेर आली. त्या मठातच तिने लॅटिन शिकले, वाचले, कविता लिहिल्या. 'मार्केझा द आलोर्ना' म्हणून ती आज पोर्तुगीज वाङ्मयाच्या इतिहासात मानाने गणली जाते. तिचा भाऊ, तिसरा मार्किश, नेपोलियनच्या सैन्यातल्या पोर्तुगीज पलटणींचा सेनापती झाला आणि रशियाच्या मोहिमेतून परतताना १८१३ च्या आरंभी कोनिग्जबर्गला वारला. म्हणजे पेडणे महालातल्या एका गावाचे नाव रशियाच्या बर्फापर्यंत जाऊन आले! लिस्बनच्या वरच्या अंगाला आल्मेइरीं गावाजवळ पहिल्या मार्किशने १७२३ मध्ये मळ्याची जमीन घेतली होती; तिलाही पुढे हेच नाव पडले. तिथल्या द्राक्षांची दारू आजही 'आलोर्ना' या नावाने बाटल्यांत भरून जगभर जाते. ती पिणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, की हे नाव मुळात काजू-नारळाच्या आणि भातशेतीच्या एका गावाचे आहे?

*

हळर्णहून पुढे धारगळला आलो, महामार्गाला लागलो आणि कोलवाळच्या पुलापर्यंत जाऊन परत फिरलो. पेडण्याच्या बेटाची ही दक्षिणेची वेस. १९६१ च्या डिसेंबरात, १८ तारखेच्या पहाटे भारतीय सैन्य दोडामार्गच्या बाजूने आत शिरले, तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी डिचोली आणि अस्नोड्याच्या पुलांबरोबर इथला पूलही उडवला होता. जाता जाता पूल उडवणे म्हणजे आपल्यामागून येणाऱ्याची वाट अडवणे. पण पाण्याने किती वेळ अडणार? दुसऱ्याच दिवशी, १९ डिसेंबरला, साडेचारशे वर्षांची सत्ता संपली.

इथे गाडी हाकणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. पोर्तुगालमध्येही पूर्वी वाहने डावीकडून चालत. १९२८ मध्ये त्यांनी बाजू बदलली आणि ती उजवीकडून चालू लागली. वसाहतींनाही तोच नियम लागायचा, पण गोव्यात तो लागला नाही. कारण उघड आहे. गोव्याचे सगळे रस्ते ब्रिटिश हिंदुस्थानात आणि संस्थानांत जात, आणि तिथे डावी बाजू होती. बांद्याहून डावीकडून आलेली गाडी पत्रादेवीला उजवीकडे कशी घेणार? लिस्बनचा शिक्का, भाषा, कायदा हे सारे गोव्यावर चालले. रस्त्याच्या बाजूच्या बाबतीत मात्र शेजाऱ्याचे ऐकावे लागले. माल्टात मला डावीकडून चालवता आले ते इंग्रजांमुळे. गोव्यात डावी बाजू टिकली ती आपल्या शेजारामुळे.

मग पेडणे शहर. देशप्रभूंचा वाडा, भगवतीचे देऊळ, बाजार. इथे क्षणभर थांबून १७८८ चा तो तह समजून घेतला पाहिजे. कारण १७४६ मध्ये हळर्ण पडले तरी पेडणे महाल कायमचा गेला नव्हता. मधल्या काळात देवाणघेवाण, तह आणि तहभंग चालूच राहिले आणि हळर्ण पुन्हा वाडीकरांकडे आले. १७८१-८२ मध्ये डिचोली व सत्तरी पोर्तुगीजांच्या हाती गेली. पेडणे मात्र लढाईत गेले नाही. ते वाडीकरांनी स्वतःच्या हाताने दिले.

त्याचे कारण पुन्हा एक किताब! तिसरे खेम सावंत, ज्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३ अशी दीर्घ झाली, त्यांची सोयरीक ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी झाली. शिंद्यांच्या वजनाने दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना 'राजाबहादूर' ही पदवी मिळाली. ती कोल्हापूरकरांना खुपली. दोन घराण्यांचे जुने हाडवैर त्याने पेटले आणि कोल्हापूरची फौज वाडीवर चालून आली. कोंडीत सापडलेल्या खेम सावंतांनी पोर्तुगीजांकडे मदत मागितली. मदत मिळाली, आणि तिची किंमत म्हणून १७८८ मध्ये पेडणे महाल द्यावा लागला.

एका किताबाने हळर्णचे नाव लिस्बनला गेले. दुसऱ्या किताबापायी हळर्णसकट सगळा महालच गेला. दोन्ही वेळा भात लावणाऱ्या माणसाला कुणी काही विचारले नाही. माल्टाच्या लोकांनाही १५३० मध्ये कुणी विचारले नव्हते, ही एवढीच काय ती सोबत.

तरी एक गोष्ट पेडण्याच्या पदरात चांगली पडली. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादी. तिथे सोळाव्या शतकात देवळे पडली, धर्मांतरे झाली. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादी पोर्तुगीजांच्या हाती आल्या त्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्यांचा जोर ओसरल्यावर. इथल्या रूढी, देवस्थाने, वतने यांना हात लावणार नाही असे वचन त्यांना द्यावे लागले. म्हणून पेडण्यात देवळे जागच्या जागी राहिली, दशावतार राहिला, घरात मराठी पोथी राहिली, आणि लग्नाच्या सोयरिकी सावंतवाडी-बांद्यापर्यंत बिनदिक्कत होत राहिल्या. हद्द कागदावर होती; सोयरिकीत ती नव्हती. निदान १९५५ पर्यंत तरी नव्हती.

*

पेडण्याहून तुये, पार्से करीत मोरजी, मांद्रे, हरमल हा किनारा धरला. इथले वातावरण एकदम निराळे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या, विदेशी पाहुणे, रस्त्याकडेला स्कूटरींच्या रांगा. मोपाचा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात झाला, तोही याच पेडणे तालुक्यात. आता मुंबई-दिल्लीचा मुलगा विमानातून उतरतो, गाडी भाड्याने घेतो आणि स्वतः चालवत निघतो, जसा मी माल्टात निघालो. पण तो पश्चिमेला वळतो, समुद्राकडे. हळर्णकडे कुणी वळत नाही. त्याला दोष कसा द्यावा? त्याला इकडे काही आहे हे सांगितले कुणी?

केरीला फेरीबोट आहे. माल्टातही गोझो नावाच्या धाकट्या बेटावर जायला अशीच गाडीसकट बोट; पंचवीस मिनिटांचा प्रवास, उत्तम उपाहारगृह. आपली फेरी साधी. लोखंडी फळीवरून गाडी चढवायची, हँडब्रेक ओढायचा आणि उभे राहायचे. पाच-सात मिनिटांत पलीकडे तेरेखोल. ही जागा म्हणजे भूगोलाचे एक कोडेच आहे. नदीच्या उत्तर तीरावर असूनही गाव गोव्याचे. पाणी न ओलांडता तिथे जायचे तर महाराष्ट्रातूनच जावे लागते.

तेरेखोलचा किल्ला मूळचा सावंतांचा. १७४६ मध्ये तो गेला तो गेलाच. पण त्याच्या तटाने नंतरही पुष्कळ पाहिले. १८३५ मध्ये बर्नार्दु पेरेश द सिल्वा हा पहिला गोमंतकीय गोव्याचा सर्वाधिकारी झाला आणि तीन आठवड्यांच्या आत लष्करी उठावाने पदच्युत झाला. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तेरेखोलच्या शिबंदीची कत्तल झाली. पुढे १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद आफोंसु यांच्या नेतृत्वाखाली मूठभर सत्याग्रही इथे शिरले आणि त्यांनी किल्ल्यावर तिरंगा लावला. दुसऱ्या दिवशी ते पकडले गेले. पण भारताबाहेर राहिलेल्या या कोपऱ्यावर दिवसभर का होईना, झेंडा फडकला. तटावरून खाली पाहिले म्हणजे नदीचे मुख, केरीची वाळू आणि मागे रेडीचा डोंगर एका नजरेत येतो. यात परका मुलूख कोणता, हे डोळ्यांना सांगता येत नाही.

तेरेखोलहून रेडी, तिथून आरोंदा, आरोंद्याचा पूल ओलांडून किरणपाणी, आणि पुन्हा पेडण्यावरून महामार्गाने पत्रादेवी. वर्तुळ पुरे झाले. सगळे मिळून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला घरी येतो.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या निरनिराळ्या हद्दींतून आत शिरले. या नाक्यावर गोळीबार झाला. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग हा तरणा पोर इथे पडला. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय हातात झेंडा घेऊन पुढे झाल्या आणि जखमी झाल्या. ज्यांनी गोवा कधी पाहिला नव्हता, ज्यांचा इथे सोयरा ना धायरा, ते इथल्या मातीत पडले. त्यानंतर भारताने हद्द बंद केली. आर्थिक नाकेबंदी कडक झाली. राष्ट्राच्या दृष्टीने ते रास्तच होते, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण १७८८ च्या तहाला जे जमले नव्हते ते त्या वर्षांत घडले. सोयरिकीत हद्द आली.

माझ्या आईचे माहेर पेडणे महालात आणि सासर बांद्याला. दीड कोसावरचे नाते. गणपतीला, जत्रेला, बाळंतपणाला ती पायी जाऊन येत असे. नाका बंद झाल्यावर परवान्याची भानगड सुरू झाली. मी तेव्हा कडेवरचे मूल. आजोबा आजारी असल्याचा निरोप फिरत फिरत आला. परवान्यासाठी वडिलांनी खेटे घातले. तो हाती पडला तोवर बारावे-तेरावे होऊन गेले होते. आई त्याविषयी फारसे बोलत नसे. एकदाच म्हणाली होती, "माझां म्हायार न्हंयच्या पलीकडे नाय, नाक्याच्या पलीकडे गेलां." मुक्तीनंतर, १९६२ च्या जत्रेला, ती मला बोटाला धरून घेऊन गेली. घर तेच होते, तुळस तीच होती. ओसरीवरची आजोबांची जागा तेवढी रिकामी होती. त्या जागेकडे पाहत ती किती वेळ उभी होती, ते मला आठवते.

हे मी कुणाविरुद्ध तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्या भागात अशी घरे शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकाच्या पदरी एखादी अशी गोष्ट आहे. सांगायचा मुद्दा वेगळाच आहे.

मार्किश द आलोर्नाने आपले म्हणणे लिहून ठेवले, म्हणून अडीचशेहून अधिक वर्षांनीही ते वाचता येते. गोव्याचे दप्तरखाने तर १५९५ पासूनचे. पहिला दप्तरदार दियोगु द कौतू हा स्वतः इतिहासकार. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्या दप्तरांत आयुष्य घालवले आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांची कितीतरी कागदपत्रे उजेडात आणली. त्यांचे ऋण मोठेच. पण पिसुर्लेकरांनाही कागद सापडले ते बहुतेक राजे, व्हाइसरॉय आणि वकील यांचे. हळर्णच्या काठावर १७४६ च्या त्या मे महिन्यात नांगर जुंपण्याच्या तयारीत असलेल्या कुळाचे काय झाले, तो पळाला की राहिला, पेरणी झाली की नाही, याचा कागद नाही. तो आता सापडणारही नाही.

१९५५ ते १९६१ चे मात्र तसे नाही. त्या वर्षांत जाणत्या वयात असलेली माणसे अजून आपल्यात आहेत. बहुतेकांनी ऐंशी ओलांडली आहे, कित्येक नव्वदीत आहेत. परवाना कसा मिळे, कोण चोरवाटेने तांदूळ नेई, लग्ने कशी लांबली, नदीच्या दोन तीरांवर उभे राहून हाका मारून निरोप कसे पोचवले, हे त्यांच्या तोंडून ऐकून उतरवून घ्यायला दप्तरखाना लागत नाही. एक वही आणि एक दुपार पुरते. आमच्या घरात ती दुपार मी आईबरोबर काढली होती, म्हणून वरचे एक वाक्य तरी उरले आहे.

तेव्हा या दिवाळीत ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी हा फेरा जरूर करावा. नसेल त्यांनी एस.टी.ने, कदंबाने तुकड्या-तुकड्यांनी करावा. हळर्णच्या काठावर थोडे थांबावे, तेरेखोलच्या तटावरून दोन्हीकडे पाहावे. आणि वाटेत ज्या सोयऱ्याच्या घरी चहाला उतराल, तिथे ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे: नाका बंद होता तेव्हा तुम्ही कुठे होता? चहा निवला तरी चालेल, पण उत्तर पुरे होईपर्यंत उठू नये.